वाळवीचा पंचनामा

मी एकदा वाळवीला एक अख्खी नोंदवही खाऊ घातली होती. दोनशे पानं, पुठ्ठ्यासकट. वाळवीला याचा पत्ताही नव्हता. सगळं जेवण मी कागदावरच वाढलं होतं, स्वच्छ अक्षरात, खाली कार्यालयाचा गोल शिक्का मारून. आणि तीच नोंदवही बारा दिवसांनी धडधाकट माझ्या टेबलावर आली, तेव्हा तिच्यावर आवक क्रमांक टाकला तोही मीच. मेलेलं माणूस दारात उभं राहिलं तर कुणीही दचकेल. मी दचकले नाही. मी तारीख टाकली.

वय विचाराल तर पोरसवदा नव्हते. पंचावन्न वर्षांची घोडी होते. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी कार्यालयात आवक-जावक बघायचे. म्हणजे आलेला कागद वहीत चढवायचा, गेलेला कागद उतरवायचा, शिक्का, क्रमांक, तारीख, पुढचा. सव्वीस वर्षं हेच केल्यावर हात डोक्याला विचारत नाही. घरी लग्नाची पत्रिका आली तरी माझा उजवा हात शिक्का शोधायचा. आमचे हे म्हणायचे, "सून घरात आली तेव्हा हिनं आधी आवक नंबर टाकला, मग माप ओलांडू दिलं." त्यात पुन्हा माझी भाषा चांगली. 'सबब', 'तद्वतच', 'उपरोक्त' असे शब्द मी खोबऱ्यासारखे वरून पेरायची. जिल्ह्याहून आलेल्या एका साहेबांनी माझ्या मसुद्याला 'वा' म्हटलं होतं. त्या एका 'वा'वर मी दहा वर्षं फुगून होते.

त्या फुग्याला टाचणी लावली पेंटरनं.

पेंटरचं नाव सांगत नाही. गावात तरी कुणी कुठं घेत होतं? एस.टी. स्टँडच्या समोर त्याचं पाट्या रंगवायचं दुकान. फ्लेक्सचं छपाईयंत्र आलं आणि त्याचा धंदा बसला, पण दुकानाच्या बाजूची लांबलचक भिंत त्याच्याकडे राहिली. ती त्यानं काळी केली, मधोमध पांढरी उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'सवाल', उजवीकडे 'जवाब'. झालं त्याचं वर्तमानपत्र. डावीकडे त्यानं माहिती अधिकारात केलेला अर्ज, उजवीकडे कार्यालयानं दिलेलं उत्तर. शब्दाला शब्द. स्वतःचा एक शब्द नाही, उद्गारचिन्हसुद्धा नाही.

लोक म्हणायचे, "पेंटर, खाली दोन ओळी तुझ्या मनाच्या टाक की."

तो म्हणायचा, "माझं मन कुनी इचारलंय? अन् रंग काय फुकट येतो?"

जवाब आला नाही तर उजवीकडची जागा रिकामी. पण ती रिकामी जागाही तो सोडून द्यायचा नाही. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तेवढा चौकोन फडक्यानं पुसायचा, आठवड्यातून एकदा त्यावर ताजा काळा रंग ओढायचा. भिंत उन्हानं राखाडी पडायची, पण न मिळालेल्या उत्तरांचे चौकोन नव्या तव्यासारखे चकाकायचे. स्टँडवरून बघितलं की आधी तेच दिसायचे. वाचकांची त्याला कधी ददात नव्हती. एस.टी. वेळेवर आली असती तर पेंटरचं वर्तमानपत्र कधीच बुडालं असतं. औशाची गाडी तासभर उशिरा, अहमदपूरची दीड तास. मंडळी उभी राहून काय करणार? वाचणार. नांदेड गाडीचा एक कंडक्टर तर 'जवाब' वाचून झाल्याशिवाय घंटीच मारायचा नाही.

हा माणूस या नादाला लागला कसा, ते ऐका. लावला आमच्याच कार्यालयानं. माहिती अधिकाराचा कायदा आला तेव्हा वरून आदेश आला की कायद्यातली कलमं दर्शनी भिंतीवर रंगवून घ्या. साहेबांनी पेंटरला बोलावलं, हातात चार पानं दिली. पेंटर शिडीवर चढून पाच दिवस एकेक अक्षर रंगवत बसला. काम झाल्यावर साहेबांनी फोटो काढला, वर पाठवला, विषय संपला. त्या भिंतीखालून आम्ही सगळे रोज जा-ये करायचो. साहेब, मी, शिपाई, सगळेच. एकानंही ती कलमं वाचली नाहीत. कशाला खोटं बोलू, मला तर तिथं छत्री टांगायला बरा खिळा होता एवढंच माहीत. वाचली फक्त रंगवणाऱ्यानं. ब्रश फिरवता फिरवता, काना-मात्रा सांभाळत. शेवटच्या दिवशी शिडीवरून उतरला आणि रंगाच्या हातानंच माझ्या टेबलापाशी आला.

"अक्का, ह्ये खरं हाय का?"

"काय?"

"ह्येच, म्या आत्ता लिवलं त्ये. कुनीबी यायचं, इचारायचं, अन् तीस दिवसात सांगावं लागतंय?"

मी म्हणाले, "भिंतीवर लिहिलंय म्हणजे असेल."

"मंग एक अर्ज घ्या."

त्या दिवसापासून गडी थांबला तो सरणावरच. जाऊन आता तीन वर्षं होतील.

कार्यालयात यायचा त्याचा थाट ठरलेला. बगलेत सतरंजीचा तुकडा, खांद्याला पाण्याची बाटली, चष्म्याला सुतळी. खुर्ची दिली तर बसायचा नाही, चहा दिला तर घ्यायचा नाही. "सरकारी खुर्चीवर बसलं की मानूस सरकारी बोलाय लागतंय," म्हणायचा. चहाबद्दल वेगळंच शास्त्र होतं. "चहा पिलो की उद्या लिवताना हात नरम पडतो." सतरंजी पसरून माझ्या टेबलासमोर बसायचा आणि कागद मोठ्यानं वाचायचा. हळू वाचणं त्याला जमतच नव्हतं. पाटी रंगवणाऱ्याची सवय, अक्षर तोंडात आलं तरच हातात यायचं. सगळ्या कार्यालयाला कळायचं पेंटर कुठल्या पानावर आहे. साहेब आत कानात बोटं घालून बसायचे.

आता वाळवीकडे येते.

तो उन्हाळा वाईट होता. गावाबाहेरच्या वस्तीला टँकर मंजूर झाला होता, दिवसाला दोन खेपा. टँकर आला की खेपेच्या नोंदवहीत वस्तीतल्या दोन बायांची सही किंवा अंगठा घ्यायचा, असा नियम. कागदावर खेपा होत होत्या. वस्तीत मात्र आठ-आठ दिवस टँकरचं चाक दिसत नव्हतं. बाया घागरी घेऊन कार्यालयात आल्या, तर साहेब म्हणाले, "रेकॉर्डप्रमाणे पाणीपुरवठा सुरळीत आहे." त्या बायांत सोजरबाई म्हणून एक होती, डोक्याला पदर आणि जिभेला धार. ती तिथून तडक पेंटरच्या दुकानी गेली. म्हणाली, "पेंटर, आमच्या नावानं पानी कोन पिऊन राह्यलंय, तेवढं इचार."

पेंटरनं अर्ज टाकला. टँकरच्या नोंदवहीची प्रत द्यावी.

नोंदवही कार्यालयात नव्हतीच. ती टँकरवाल्या ठेकेदाराच्या घरी होती. तिथं निवांत बसून तिच्यात सह्या भरणं चाललं होतं. मला हे माहीत होतं का? पुरतं नव्हतं. पण विचारावंसं वाटलं का? तेही नाही, आणि ते जास्त वाईट. साहेबांनी मला आत बोलावलं आणि गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुमची भाषा चांगली आहे. वाळवीचं काहीतरी लिहून टाका."

आणि मी लिहिलं! अहो, नुसतं लिहिलं नाही, रंगून लिहिलं. 'सदर नोंदवही वाळवी या कीटकाच्या प्रादुर्भावामुळे पूर्णतः नष्ट झाली असून तिचे अवशेषही वाचनीय स्थितीत नाहीत. सबब माहिती पुरविता येत नाही.' 'अवशेषही' या शब्दावर मी स्वतःवरच खूश झाले होते. वस्तीतली बाई चार मैलांवरून घागर आणत होती आणि मी इथं पंख्याखाली 'अवशेष'वरचा अनुस्वार काढायचा की ठेवायचा याचा विचार करत होते. नव्हता, म्हणून बरं. असता तर अजून पाच मिनिटं घालवली असती.

दुसऱ्या दिवशी माझं पत्र भिंतीवर. शब्दाला शब्द. खाली, पत्र तयार करणारी म्हणून, माझं नाव, हुद्द्यासकट. भाजी आणायला गेले तर स्टँडवर दीडशे माणूस माझं गद्य वाचत होतं. कुणीतरी 'अवशेषही' मोठ्यानं म्हटलं आणि हशा पिकला. घरी आमचे हे दारातच उभे. "या वाळवीबाई, जेवण करणार की वही खाऊन आलात?"

पेंटरनं लगेच दुसरा अर्ज केला. तोही डावीकडे चढला. वाळवी कोणत्या तारखेला लागली, पंचनामा कुणी केला, त्याची प्रत द्यावी. फवारणी केली का. आणि शेजारी ठेवलेली साहेबांच्या गाडीच्या डिझेलची वही वाळवीनं कशी सोडली, याचं कारण अभिलेखावर असल्यास द्यावं. उजवीकडे चौकोन रिकामा. रोज पुसलेला.

तुम्ही म्हणाल, एवढं होऊन वर्तमानपत्रवाले कुठं होते? होते की. जिल्ह्याच्या एका पेपरचा वार्ताहर भिंतीसमोर उभा राहून वहीत टिपून घेत होता. मी ऐकलंय माझ्या कानांनी. तो म्हणाला, "काका, बातमी लई दमदार हाय, पन काय करू? पान तीनवर साहेबाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा हायत."

"मंग पान चारवर घाल."

"चारवर टँकरवाल्यानं दिलेल्या शुभेच्छा हायत."

पेंटर हसला नाही. म्हणाला, "जा बाबा. तुझं पोट हाय. माझी भिंत हाय."

मला आजही याचा संताप येतो. पोराचा नाही, त्याला बातमीमागं काय मिळायचं ते मला ठाऊक आहे. संताप येतो तो या व्यवस्थेचा, की ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याच जाहिरातीवर पेपर चालावा. आणि मग आपण सकाळी चहाबरोबर शुभेच्छा वाचाव्यात आणि म्हणावं, गावात काही नवीन नाही. पाण्याच्या खेपा किती झाल्या यात गुपित काय असतं हो? शत्रूच्या विमानाला उपयोग होणार होता का सोजरबाईच्या घागरीचा?

असो. बारा दिवसांनी ठेकेदाराचा माणूस एक पाकीट आणि एक जाडजूड वही टेबलावर ठेवून गेला. 'नोंदवही पूर्ण करून सादर.' मी त्या वेळी लोणच्याच्या कैऱ्या कुठून आणाव्यात या विचारात होते. हातानं त्याचं काम केलं. शिक्का. क्रमांक. तारीख. आवक वहीत तपशील: 'टँकर खेपा नोंदवही, एक नग.' पुढचा कागद. अशा रीतीनं वाळवीच्या पोटातली वही मी सरकारदरबारी जिवंत जमा करून घेतली.

पुढच्या सोमवारी पेंटर आवक वही बघायला आला. कायद्यानं बघायला मागता येते. तेही त्यानंच रंगवलं होतं. सतरंजीवर बसून वाचत गेला, आणि एका ओळीवर त्याचा आवाज थांबला. कार्यालयात पहिल्यांदाच शांतता झाली. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तेव्हा कुठं मी कैऱ्यांतून बाहेर आले. त्यानं ओळ उतरवून घेतली, प्रमाणित प्रतीसाठी अर्ज दिला आणि गेला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर माझं वाळवीचं पत्र, तारखेसह. त्याच्या शेजारी माझीच आवक नोंद, तारखेसह. बस. नांदेड गाडीच्या कंडक्टरनं दोनदा वाचलं आणि गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली.

प्रमाणित प्रत घ्यायला पेंटर यायचा होता त्या दिवशी सकाळी साहेबांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. समोर टाइप केलेला कागद. माझ्या नावानं तक्रार. 'आज दुपारी चार वाजता सदर इसमाने माझ्या टेबलाजवळ येऊन माझा हात धरला व शिवीगाळ केली.'

मी म्हणाले, "साहेब, अजून बारा वाजायचेत."

"चारला तो येणारच आहे. तुम्ही फक्त सही करा. पुढचं ठाण्यातलं मी बघतो."

"पण त्यानं हात कुठं…"

"बाई," साहेब म्हणाले, आवाज तसाच गोड, "वाळवीचं पत्र तुमच्या हातचं आहे. आवक तुमच्या हातची. चौकशी लागली तर पहिली मान कुणाची? निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत."

मी तो कागद घेतला. खरं सांगते, त्या क्षणी मी सही केली नसती असं छातीवर हात ठेवून म्हणत नाही. केलीही असती. बाईमाणसाची तक्रार, म्हाताऱ्या पेंटरचं कोण ऐकणार? भिंत, सवाल, जवाब, सगळं एका सहीत मातीत. आणि ज्या बायांचा हात खरोखर कुणी धरतं, त्यांच्या तक्रारीवर उद्या कोण विश्वास ठेवणार? एवढं सगळं मनात आलं आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"सही करते साहेब. पण आधी आवक करते. आवक न करता कागद फायलीला कसा लावायचा?"

ते काही म्हणायच्या आत मी बाहेर टेबलाशी. शिक्का. क्रमांक. तारीख. आणि सव्वीस वर्षांत कधी लिहिली नव्हती ती वेळ: सकाळी अकरा चाळीस. आवक वहीत तपशील पूर्ण चढवला. साहेब मागोमाग आले, बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की वाळवी खरंच कुठं लागली असेल तर तिथं. "हे काय केलंत तुम्ही?"

"नियम हाय, साहेब," मी म्हणाले. माझ्या तोंडून 'हाय' निघाला म्हणजे मी किती घाबरले होते बघा.

सही मी केली नाही. ती करायची गरजच उरली नव्हती.

चारला पाच कमी असताना पेंटर आला. सतरंजी पसरली. मी न मागता आवक वही उघडून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि ओळीवर बोट ठेवलं. त्यानं नेहमीसारखं खणखणीत वाचलं: "पेंटरने दुपारी चार वाजता हात धरल्याबाबत तक्रार. आवक सकाळी अकरा चाळीस." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली. दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "अक्का, चाराला अजून पाच मिनिटं हायती. थांबू का जाऊ?"

आधी शिपाई हसला, मग मी, मग सगळं कार्यालय. आतल्या खोलीचं दार धाडकन बंद झालं.

पुढं अपिलात सुनावणी झाली. नोंदवही बाहेर आली, पण तोवर उन्हाळा सरला होता. जवाब आला, तहान मात्र ज्यांची त्यांनी भागवली होती. सोजरबाईला पानांच्या प्रती मिळाल्या. तिच्या मुलीनं एकेक सही वाचून दाखवली, आणि एका नावावर सोजरबाईनं तिचा हात धरला. ते नाव सोजरबाईच्या सासूचं. तिला जाऊन दोन वर्षं झालेली. "जितेपनी अंगठा लावायची माय माझी," सोजरबाई म्हणाली, "मेल्यावर सही शिकली व्हय!" ते तिनं भर सुनावणीत म्हटलं. हसावं की रडावं कुणाला कळेना.

साहेबांची बदली झाली, जास्त चांगल्या ठिकाणी. मला कारणे दाखवा नोटीस आली, तिलाही मी क्रमांक टाकला. आणि पेंटरची भिंत? ती शहर विद्रूप करते असं ठरलं. बाजूलाच कुणा पुढाऱ्याचा चाळीस फुटी फ्लेक्स दात काढून उभा होता, त्यानं गाव सुंदर दिसत होतं. भरदुपारी माणसं आली आणि भिंत खरवडली. पेंटर शिडीशेजारी उभा राहून एकच म्हणत होता, "आदेशाची प्रत द्या. खरवडा, पन प्रत द्या." प्रत कुणाकडेच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात त्यानं भाजीचा जुना हातगाडा घेतला, त्याच्या पाठीला फळी ठोकली, काळी केली, मधोमध रेघ. सवाल, जवाब. आता बाजाराच्या दिवशी बाजारात, एरवी कधी स्टँडवर, कधी कोर्टापुढं, कधी आमच्या फाटकासमोर. "भिंत एका जागी असती," म्हणायचा, "गाड्याला चाकं हायती."

तीन वर्षांनी मी निवृत्त झाले. शाल, नारळ, हार. नवे साहेब भाषणात म्हणाले, "बाईंनी आयुष्यात एकही कागद गहाळ होऊ दिला नाही." टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून नारळाच्या शेंडीकडे बघत बसले.

बाहेर आले तर फाटकासमोर गाडा. पेंटर उकिडवा बसून ब्रश धूत होता. फळीवर अगदी वर, डावीकडे, तोच सवाल, नव्यानं रंगवलेला: वाळवी कोणत्या तारखेला लागली, पंचनाम्याची प्रत द्यावी. उजवीकडे काळा चौकोन, चकचकीत. मला राहवलं नाही. नारळ, शाल सगळं सांभाळत त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "पेंटर, वाळवी नव्हतीच. साहेबांनी सांगितलं हे खरं, पण शब्द सगळे माझे होते. चुकलं माझं."

त्यानं वर बघितलं नाही. ब्रश झटकला, फडकं घेतलं, तो चौकोन एकदा पुसला, आणि म्हणाला,

"तोंडी नको, अक्का. लेखी द्या. जवाबाची जागा म्या मोकळी ठिवलीय."